एकतिसावी ओळ

लेहतोवारा
रविवार, १७ नोव्हेंबर १९९१

प्रिय लेम्पी,

तुझी तब्येत कशी आहे? गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं आणि तू काठी घेऊन दुकानापर्यंत जातेस, हे एल्वीकडून कळलं. तुम्हा नणंदा-भावजयांची नाताळकार्डं येतात-जातात म्हणून मला तुझं एवढं तरी कळतं. कार्डाच्या शेवटी तू 'सुलोला नमस्कार' लिहितेस. तो एल्वी मला वाचून दाखवते आणि कार्ड फ्रीजवर लावते. त्या नमस्काराला मी आजवर उत्तर दिलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. बर्फ यंदा लवकर पडला, अंगणात गुडघ्याएवढा आहे. मी बसवरून निवृत्त झालो त्याला दोन वर्षं झाली, तरी सकाळी साडेपाचला जाग येते आणि मग करायला काही नसतं. माझ्या जागी आलेला ड्रायव्हर वळणावर इतका हळू जातो, की काल्लोयार्वीपर्यंत टपालाच्या पिशव्यांना दाढी फुटेल. एल्वी म्हणते, "तू गाडी चालवत होतास तेव्हा लोक देवाचं नाव घ्यायचे, आता निदान झोपतात तरी." तिला माझं कौतुक कधीच नव्हतं.

काल्लोयार्वीत तुझं टेलिफोन केंद्र होतं ती इमारत विकली. तिथे आता एक जण मोटरस्लेज दुरुस्त करतो. तुझ्या खिडकीत तेलाचे डबे रचून ठेवलेत. मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो, बूट शिवायला टाकायला तिकडे गेलो तेव्हा दिसलं.

मुख्य बातमी म्हणजे गेल्या आठवड्यात, आठ तारखेला, शुक्रवारी फार मोठा उत्तर ध्रुवीय प्रकाश दिसला. तुर्कूलाही दिसला असं रेडिओवर सांगितलं. तू पाहिलास का? शहराच्या दिव्यांत कितपत दिसला असेल कोण जाणे. इथे पाच वाजता उत्तरेला नुसता हिरवट पट्टा होता, त्यात विशेष काही नाही, असं म्हणून मी आत गेलो. आठला औने दार वाजवायला लागली. औने म्हणजे पोस्टात आलेली नवी बाई, तिशीची आहे, उन्हाळ्यापासून आपल्या आकाशनिरीक्षण मंडळात येते. तिला ताऱ्यांचा नाद आहे आणि गप्प बसायचा अजिबात नाही.

"सुलो, बाहेर या. तुमचा चहा कुठे पळून जात नाही. आकाश पळतंय."

बाहेर आलो तर डोक्यावर लाल. हिरवा खाली, वर गडद लाल, आणि त्यातून पांढरे दांडे सरळ उभे राहात होते आणि विझत होते. बर्फ गुलाबी दिसत होता. शेजारची म्हातारी हिल्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "कोणी शीळ घालू नका हं, हे दिवे खाली येऊन उचलून नेतील," आणि स्वतःच घाबरून आत गेली. मी एवढं मोठं पाहिलं नव्हतं असं लिहिणार होतो. पण पाहिलं होतं. तू आणि मी, दोघांनीही पाहिलं होतं. तेव्हा तू सत्तर किलोमीटरवर काल्लोयार्वीला होतीस आणि मी इथे, एवढाच फरक.

औनेने कॅमेरा लावला होता. उंची कशी काढतात ते तिला मी सप्टेंबरपासून शिकवतोय. दोन ठिकाणांहून, ठरलेल्या सेकंदाला, एकाच उजेडाचा फोटो घ्यायचा. मागच्या ताऱ्यांशी तुलना केली की दोन फोटोंत तो उजेड सरकलेला दिसतो. किती सरकला ते मोजलं की उंची निघते. तिला मी हेही सांगितलं होतं, की सगळा खेळ दोन गोष्टींवर आहे, घड्याळ बरोबर हवं आणि तारा ओळखता यायला हवा. शिकवताना मी फार चांगलं बोलतो.

तर ती कॅमेऱ्यातून ईशान्येला बघत होती आणि म्हणाली, "तुमच्या सॉनाचा धूर बघा. मिथुनेच्या जोडीतला खालचा तारा पार गिळलाय त्याने. अशात कोणी फोटो काढला तर कॅस्टरलाच पोलक्स समजून बसेल."

ती हसत होती. मी म्हटलं, थंडी फार आहे, हातमोजे आणतो, आणि आत जाऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. बराच वेळ बसलो. एल्वीने विचारलं काय झालं, तर म्हटलं पाठ.

इथवर लिहिलं आणि आता दिवा मंद वाटतोय. उद्या पुढे लिहितो.

सोमवार

काल दिव्याला काही झालं नव्हतं.

एल्वीने सकाळी पत्र वाचलं, मी टेबलावरच ठेवलं होतं. म्हणाली, "दोन पानं लिहिलीस आणि अजून हातमोजेच आणतोयस." मग कॉफी ओतली आणि लोकरीचं काम घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. आपल्या घरी ते दार कधी लावत नाहीत.

मी सॉना शुक्रवारी तापवतो, वाफेची अंघोळ शुक्रवारीच घेतो, हे तुला माहीत नसेल. सारं गाव शनिवारी तापवतं, मी शुक्रवारी. गावात यावरून माझी भरपूर टिंगल झाली आहे. कोणी म्हणतं सुलोचं कॅलेंडर बसमध्ये राहिलं, कोणी म्हणतं शनिवारी तो पाप करत नाही म्हणून धुवायला काही नसतं. मी सांगायचो, शनिवारी सगळ्यांचा धूर असतो, मला धूर सोसत नाही. ही अकरा वर्षं चाललेली गोष्ट आहे. आता मोजलंस तर तुझ्या लक्षात येईल कुठपासून.

सहा डिसेंबर ऐंशी. शनिवार होता आणि स्वातंत्र्यदिनही. आपलं काय ठरलं होतं ते मला नीट आठवतं, कारण नियम माझाच होता. मोजमापाच्या मोसमात शनिवारी संध्याकाळी दोन्ही ठाण्यांवर, तुझ्याकडे आणि माझ्याकडे, सॉना नाही, चुलीत ओलं लाकूड नाही, अंगणात दिवा नाही. तू तो सहा वर्षं पाळलास. काल्लोयार्वीला तुझे शेजारी तुला रविवारी अंघोळ करणारी बाई म्हणायचे.

त्या दिवशी दुपारी ढग होते. उणे सव्वीस होतं, मी सकाळपासून बस चालवून आलो होतो, कंबर धरली होती. एल्वीने खिडकीत दोन मेणबत्त्या मांडून ठेवल्या होत्या, मासा भाजला होता. मी म्हटलं आज काही दिसत नाही, सणाचा दिवस आहे, तापवू. तीन वाजता चूल पेटवली. सात वाजता मी वरच्या बाकावर बसलो होतो आणि एल्वी दाराबाहेरून ओरडली, "लेम्पीचा फोन. म्हणते आकाश फाटलंय, सात दहापासून दर दोन मिनिटांनी फोटो. ती तयारीला लागलीसुद्धा."

तुला परत फोन करून सांगता आलं असतं, की माझ्याकडे सॉना पेटलाय, ईशान्येचं सोडून दुसरीकडचं धरू. एक मिनिटाचं काम. पण मग नियम कोणी मोडला हे तुला कळलं असतं. मी बूट घातले, कोट घातला, मध्ये काही घातलं नाही, आणि तसाच कॅमेऱ्याशी उभा राहिलो. केस गोठून टोपीसारखे झाले. हे आठवून तुला हसू आलं तर हस. मला त्या रात्री स्वतःचंच हसू येत होतं, आणि वर एवढा उजेड होता की भीतीही वाटत होती. सात दहा, सात बारा, सात चौदा. माझं घड्याळ बरोबर होतं. तुझंही बरोबर होतं. ते आपण त्याच सकाळी फोनवर, रेडिओच्या ठोक्याला एकत्र लावलं होतं.

फोटो धुतले तेव्हा माझ्या सात बाराच्या फोटोत धुराचा लोट होता. मिथुनेच्या जुळ्यांपैकी एकच तारा दिसत होता. मी त्याला पोलक्स म्हटलं. तो खाली असतो, जास्त तेजस्वी असतो, आणि फोटोतला तारा मला तेजस्वी वाटला. मग वरच्या कपेला ताऱ्यापासून त्याचं अंतर मोजलं तर ते नकाशाशी जुळेना. तेव्हाच थांबायला हवं होतं. मी म्हटलं काचेच्या कडेला भिंगाने ताणलं असणार, आणि तेवढी दुरुस्ती करून टाकली. उंची आली बासष्ट किलोमीटर. सगळ्या पुस्तकांत शंभरच्या आसपास असते आणि आपली बासष्ट. हिल्यासारख्या म्हाताऱ्या म्हणायच्या ना, उजेड पार झाडांपर्यंत उतरतो. मला वाटलं आपण दोघांनी त्यांचं खरं करून दाखवलं. मला ते खरं हवंच होतं, लेम्पी. तुला फोनवर आकडा सांगितला तेव्हा तू म्हणालीस, "पुन्हा एकदा बघ, सुलो." मी म्हटलं दोनदा बघितलंय.

मंडळाला पाठवलं. त्यांनी पत्रिकेच्या जानेवारीच्या अंकात छापलं.

आणि आता जे लिहायचं ते लिहितो. तेरा जानेवारीला मी तो फोटो पुन्हा बाहेर काढला. बर्फामुळे बस बंद होती, वेळ होता. तारा कॅस्टर धरून बघितला. कपेलाचं अंतर बरोबर बसलं. भिंगाची दुरुस्ती लागलीच नाही. उंची आली एकशे चार. पोलक्स धुराच्या मागे होता. मी तो कागद घडी घालून ताऱ्यांच्या नकाशाच्या पुस्तकात ठेवला आणि पुस्तक फडताळात.

फेब्रुवारीत मंडळाची टीप आली. वाल्फ्रिड तेव्हाही अध्यक्ष होता, त्याने लिहिलं की बासष्ट शक्य नाही, पहिल्या ठाण्याचे तारे सुलोने स्वतः ओळखले आहेत, तेव्हा चूक वेळेचीच असणार, दुसऱ्या ठाण्यावरील घड्याळ विश्वासार्ह नाही. तुझं नाव कंसात होतं.

तू मला फोन केलास. तू रडत नव्हतीस, मला ते जास्त कठीण गेलं. तू म्हणालीस, "एकवीस वर्षं केंद्रात बसले. लोक घड्याळ लावायला मला फोन करतात. रुग्णालयातून करतात, चर्चमधून करतात. तू त्यांना एवढंच सांग, की घड्याळ आपण दोघांनी एकत्र लावलं होतं."

कागद फडताळात होता, हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, "चूक काय, कोणाचीही होऊ शकते."

तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास. त्यानंतर आपण बोललेलो नाही. आईच्या अंत्यविधीला बोललो, पण ते खुर्च्यांबद्दल.

तुझा कॅमेरा एप्रिलमध्ये माझ्याच बसमधून आला. काल्लोयार्वीच्या थांब्यावर पोरगं खोकं देऊन गेलं, मी मागे टाकलं, सत्तर किलोमीटर आणलं, आणि इथे उतरवताना पाहिलं तर पत्ता माझा. आत चिठ्ठी आहे की नाही मला माहीत नाही. मी ते उघडलंच नाही. सुतळीला तुझी ती दुहेरी गाठ आहे.

पुढच्या वर्षी केंद्र स्वयंचलित झालं आणि तू तुर्कूला गेलीस. लेम्पी का गेली असं कोणी विचारलं, की मी सांगतो, नोकरी गेली म्हणून. ते खोटं नाही. पण काल्लोयार्वीत लोक तुला वेळ विचारायचे बंद झाले होते, मजेत का होईना, 'मंडळाला विचारून सांग' म्हणायचे, हे मला बसमध्ये ऐकू यायचं. मी गाडी चालवत राहायचो.

यंदा मंडळाला चाळीस वर्षं झाली. सगळ्या मोजमापांची पुस्तिका निघतेय. वाल्फ्रिडने ऑक्टोबरमध्ये छापायच्या आधीची पानं पाठवली, तपासून सही करून द्या म्हणून. एकूण अठ्ठेचाळीस ओळी, त्यांतल्या एक्केचाळीस माझ्या. एकतिसाव्या ओळीला चांदणीची खूण आणि खाली तीच टीप, तुझ्या नावासकट. पुस्तिका विद्यापीठात जाणार, वाचनालयांत राहणार. महिनाभर पानं टेबलावर होती. मी रोज त्यांच्यावर कॉफीचा कप ठेवायचो. सही करून टाकावी असं तीन वेळा वाटलं. मग आठ तारीख आली आणि औने ते वाक्य बोलली.

त्या रात्री ती गेल्यावर मी एल्वीला म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती म्हणाली, "सॉना मीच तापवायला मदत केली होती, सुलो. लाकडं कोणी आणून दिली? टीप आली तेव्हाच मला कळलं. तू सांगशील म्हणून थांबले. पहिलं वर्ष थांबले, मग राग आला, मग सवय झाली. तू शुक्रवारी आंघोळ करायला लागलास तेव्हा वाटलं होतं, आता सांगेल." तिने तुलाही काही सांगितलं नाही, ते तिचं तिला लागतं. नाताळकार्डात काय लिहायचं हे तिला दर वर्षी सुचत नाही, म्हणून ती हवामान लिहिते.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, मी मंडळाला पत्र लिहिलं. तुझ्या आधी त्यांना लिहिलं, ते मुद्दाम. तुला आधी लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस जाऊ दे, झालं ते झालं, आणि मी लगेच ऐकलं असतं. मला मी माहीत आहे. तेव्हा तुझी परवानगी विचारलेली नाही. जुना फोटो, तेरा जानेवारीचा कागद आणि सॉनाची हकिकत, कोटासकट, सगळं रजिस्टरने पाठवलं. पोस्टात औनेच होती. तिने पाकिटावर वजन लिहिलं आणि विचारलं, "आत काय, विटा आहेत?" मी तिला तिथेच काउंटरवर सांगितलं. मागे दोन माणसं उभी होती. तिने हातातला शिक्का खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि मला शिकवताना तुम्ही म्हणायचात, जुळलं नाही तर थांबा." मी म्हटलं, हो.

बुधवारी वाल्फ्रिडचा फोन आला.  म्हणाला, "सुलो, अकरा वर्षं?" मी म्हटलं, पावणेअकरा. तो चिडला, आणि बरोबरच आहे. मग त्याने विचारलं जे मी स्वतःला विचारत नव्हतो: "आता तुझ्या बाकीच्या चाळीस ओळींचं मी काय करू?"  ठरलं असं की पुस्तिका थांबेल. सगळे फोटो औने पहिल्यापासून पुन्हा मोजेल, मी हात लावायचा नाही. ज्या ओळी टिकतील त्या राहतील. तीस वर्षांचं काम आहे, लेम्पी, खोक्यांत भरून तिच्या स्लेजवर ठेवलं आणि ती घेऊन गेली. मला वाईट वाटलं. रिकामं फडताळ बघवत नाही. पण मी हे तुझ्या गळ्यात घालायला लिहीत नाही, तुला कळावं म्हणून लिहितो.

एकतिसावी ओळ मात्र पक्की झाली. वाल्फ्रिडने ती स्वतः मोजली. एकशे चार. त्याने सांगितलं की तुझी वेळ सेकंदाचीही इकडेतिकडे नसणार, नाहीतर ते दांडे दोन फोटोंत इतके तंतोतंत जुळलेच नसते. चाळीस वर्षांत इतकी स्वच्छ जोडी आपल्याकडे दुसरी नाही, असंही म्हणाला. हे तुला फेब्रुवारी एक्याऐंशीत ऐकायला मिळायला हवं होतं.

मला माफ कर असं लिहिणं सोपं आहे, म्हणून बाकीचं सगळं आधी लिहिलं. आता लिहितो. मला माफ कर. मी चुकलो ते धुरात नाही. धुरात कोणीही चुकेल. मी फोनवर चुकलो, शुद्धीत, कोरड्या अंगाने, तुझा आवाज ऐकत.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. औनेला दुसऱ्या ठाण्यासाठी कॅमेरा हवाय, तिने ते खोकं पाहिलं आणि मागितलं. मी नाही म्हटलं. तो लेम्पीचा आहे, तिला विचारल्याशिवाय गाठ सुटणार नाही, असं सांगितलं. तेव्हा एवढं एक तरी तुला कळवावं लागेल, होय किंवा नाही. कार्डावर लिहिलंस तरी पुरे.

मंडळाच्या तक्त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन रकाने असतात, तुला आठवत असतील. या वेळी एकतिसाव्या ओळीचे मी माझ्या हाताने भरून पाठवले. तेच खाली उतरवतो आणि त्याखालीच सही करतो.

वेळ: काल्लोयार्वी, लेम्पी. अचूक.
तारा: लेहतोवारा, सुलो. चूक.

तुझा भाऊ,
सुलो